अठ्ठावीस तासांचा दिवस

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पायदळ पलटणीबद्दल कुणी बोलायला लागलं की गोष्ट बहुधा १८ जुलै १८६३च्या संध्याकाळी, पावणेआठ वाजता सुरू होते. कृष्णवर्णीय शिपायांची पलटण वॅग्नर किल्ल्यावर चालून जाते, तिचा तरुण कर्नल तटावर पडतो आणि गोष्ट संपते. ही पलटण मला मात्र त्याच्या आधीच्या तासांत भेटली. ज्यांनी हल्ला केला त्यांना सलग दोन रात्री झोप नव्हती आणि दोन दिवस पोटभर जेवण नव्हतं. सरकारने बोलीचा पगारही कापला होता. हे माहीत नसेल तर त्या पावणेआठचं मोल कळत नाही. म्हणून त्यांचा दिवस आदल्या रात्रीपासून सांगतो. तो अठ्ठावीस तासांचा होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. युद्ध एप्रिल १८६१मध्ये सुरू झालं, पण लिंकनचं सरकार कृष्णवर्णीयांच्या हाती बंदूक द्यायला बराच काळ तयार नव्हतं. १ जानेवारी १८६३च्या मुक्तीच्या जाहीरनाम्याने ते दार उघडलं. महिना संपायच्या आत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी अशी पलटण उभारायची परवानगी वॉशिंग्टनहून मिळवली. स्वतः गुलामीतून पळून आलेले मोठे वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी जाहीर हाक दिली आणि लुईस व चार्ल्स हे आपले दोन मुलगेही पाठवले. शेतमजूर आले, न्हावी आले, खलाशी आले. बहुतेकजण जन्मापासून स्वतंत्र होते, काहीजण गुलामीतून निसटलेले. अधिकारी सगळे गोरे. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ पंचवीस वर्षांचा, बॉस्टनच्या गुलामीविरोधी घराण्यातला. २८ मे रोजी बॉस्टनच्या रस्त्यांवरून संचलन करून पलटण बोटीत बसली आणि दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर उतरली.

१७ जुलै, रात्री १०

चार्ल्स्टनच्या दक्षिणेला, कोल्स बेटाच्या किनाऱ्यावर पलटण रांगेत उभी आहे. पाऊस पडतो आहे. समोर पाण्यात 'जनरल हंटर' नावाची आगबोट थांबली आहे, पण तिथवर जायला एकच होडी, तीही गळकी. एका खेपेला तीसेक माणसं मावतात, आणि माणसं आहेत सहाशेच्या आसपास. हिशेब सरळ आहे : वीस खेपा, अंधारात, पावसात. प्रत्येक खेपेला तीसेक जणांनी सामानासकट चढायचं, आत येणारं पाणी उपसायचं, आगबोटीला भिडायचं, वर चढायचं, आणि होडीने परत फिरायचं. कर्नल शॉ स्वतः किनाऱ्यावर उभा राहून माणसं होडीत बसवतो आहे. हे काम संपायला सगळी रात्र जाते.

ही जागरणाची दुसरी रात्र. आदल्या दिवशी, १६ जुलैला, जेम्स बेटावर या पलटणीची शत्रूशी पहिली खरी चकमक झाली. पहाटे चाल करून आलेल्या दक्षिणेच्या फौजेला पलटणीच्या पुढच्या पहाऱ्याने झाडाझुडपांतून लढत लढत रोखून धरलं. तेवढ्या वेळात बाजूला अडकलेली १०वी कनेक्टिकट ही गोऱ्यांची पलटण सुखरूप निघून गेली. त्या झुंजीत ५४वीचे चौदा जण मारले गेले.

त्याच रात्री बेट सोडण्याचा हुकूम आला. ज्याने कोकणातली खाजणं पाहिली आहेत त्याला ती वाट कळेल. भरतीच्या पाण्याने भिजलेला चिखल, मध्येमध्ये खाडीचे फाटे, आणि त्यांवर एकेकट्याने पार करायचे फळ्यांचे साकव. वर विजांचा कडकडाट. वीज चमकली की क्षणभर फळी दिसायची, मग पुन्हा मिट्ट काळोख. घसरलेला माणूस कमरेपर्यंत चिखलात जायचा आणि सोबती त्याला ओढून काढायचे. अशी चार मैलांची वाट रात्रभर चालून पलटण कोल्स बेटावर पोचली होती. १७ तारखेचा दिवस उन्हात, वाळूवर, बोटीची वाट पाहण्यात गेला.

१८ जुलै, पहाट

शेवटची खेप येते तेव्हा उजाडलेलं आहे. डेकवर जागा मिळेल तिथे माणसं ओल्या कपड्यांनी पडली आहेत. जेवण म्हणावं असं काही नाही. कडक बिस्किटं आणि कॉफी, एवढ्यावर दोन दिवस निघाले आहेत. हे बिस्किट म्हणजे पीठ आणि पाणी भाजून केलेला चौकोनी तुकडा. तो इतका कडक की शिपाई तो कॉफीत भिजवून किंवा बंदुकीच्या दस्त्याने फोडून खात.

कर्नल शॉ बोटीवरून बायकोला चार ओळी लिहितो. २ मे रोजी त्यांचं लग्न झालं, आणि महिनाही पुरा व्हायच्या आत तो रणांगणाच्या वाटेला लागला.

सकाळी ९

आगबोट फॉली बेटाच्या धक्क्याला लागते. आता पुढे साताठ मैलांचा पल्ला : फॉली बेटाच्या किनाऱ्याने चालत उत्तर टोकापर्यंत, तिथे खाडी ओलांडून मॉरिस बेटावर. जुलैचं दक्षिणेतलं ऊन, पाठीवर ओझं, पायाखाली सरकणारी वाळू. किनाऱ्यावर चाललेल्या माणसालाच कळतं की कोरड्या वाळूतला एक मैल रस्त्यावरच्या दोन मैलांना भारी असतो. पुढून तोफांचा आवाज येतो आहे आणि पावलागणिक तो मोठा होतो आहे.

चालताना डोक्यात काय चालत असेल? पगाराचा विषय नक्की असेल. भरतीच्या वेळी बोली झाली होती महिन्याला तेरा डॉलरची, गोऱ्या शिपायाला मिळतो तेवढ्याच पगाराची. जुलैच्या सुरुवातीलाच वॉशिंग्टनहून हुकूम आल्याचं कळलं की कृष्णवर्णीय शिपायाला दहा डॉलर, आणि त्यातूनही कपड्यांचे तीन कापायचे. म्हणजे हाती सात. शॉने २ जुलैला गव्हर्नर अँड्र्यूंना लिहून ठणकावलं की असा पगार माझी माणसं घेणार नाहीत. एकतर बोलीप्रमाणे द्या, नाहीतर पलटण मोकळी करा. पुढे पगारवाटप करणारे अधिकारी छावणीत येत गेले आणि पलटण दर वेळी तो कमी पगार नाकारत राहिली. घरी बायकामुलं उपाशी असताना नाकारत राहिली. काम मात्र एक दिवसही थांबलं नाही.

आणखी एक गोष्ट त्याच आठवड्यातली आहे. १३ ते १६ जुलै या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध दंगल उसळली आणि जमावाचा राग कृष्णवर्णीय वस्तीवर निघाला. पलटणीतला सार्जंट रॉबर्ट सिमन्स जेम्स बेटावर लढत होता त्याच दिवसांत न्यूयॉर्कमध्ये त्याच्या लहान भाच्याला जमावाने मारलं. ज्या देशासाठी मामा बंदूक घेऊन उभा होता त्याच देशाच्या सर्वांत मोठ्या शहरात हे घडलं.

दुपार

सकाळपासून संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, तोफा वॅग्नर किल्ल्यावर आग ओकत आहेत. जमिनीवरच्या तोफा एका बाजूने, समुद्रातल्या चिलखती युद्धनौका दुसऱ्या बाजूने. दिवसभरात सुमारे नऊ हजार गोळे पडले असं म्हणतात. दूरवरून पाहणाऱ्याला वाळू आणि धूर यांच्या उसळणाऱ्या खांबांखेरीज काही दिसत नव्हतं. सेनापती क्विन्सी गिलमोर यांची खात्री झाली की आत आता फारसं कुणी जिवंत नसेल.

चूक झाली ती इथे. वॅग्नर दगडी किल्ला असता तर एव्हाना ढासळला असता. तो होता वाळूचा. ताडासारख्या पामेटोच्या ओंडक्यांवर वाळू लोटून बांधलेले जाड बांध, वर गवताची चवड. गोळा आत घुसायचा, वाळू उडायची आणि पुन्हा तिथेच बसायची. आत एक भलंमोठं तळघर होतं, गोळ्यांना न जुमानणारं. सुमारे सतराशेच्या शिबंदीतले बहुतेकजण त्यात दाटीवाटीने दिवसभर बसून होते. एवढ्या माऱ्यात आतली मोजकीच माणसं मेली. किल्ल्याच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला दलदल, आणि मधून जायला वाळूची चिंचोळी पट्टी. म्हणजे हल्ला करणाऱ्याला एकच वाट, आणि ती आतल्या तोफांना पाठ होती. आठवड्यापूर्वी, ११ जुलैला, याच वाटेने गेलेला एक हल्ला फसलेला होता.

पण वॅग्नर घेतल्याशिवाय चार्ल्स्टनच्या बंदरात शिरता येत नव्हतं. ज्या सम्टर किल्ल्यावर या युद्धाची पहिली तोफ डागली गेली तो याच बंदराच्या तोंडाशी आहे. याच किनाऱ्यावरच्या बेटांवर गुलामांच्या श्रमावर जगातला सर्वांत लांब धाग्याचा कापूस पिकत असे. नाकेबंदीमुळे अमेरिकेचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि त्याच वर्षांत खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचा भाव मुंबईच्या बाजारात आभाळाला भिडला. आपल्याकडच्या त्या तेजीच्या दुसऱ्या टोकाला ही वाळू होती.

संध्याकाळी ५च्या सुमारास

खाडी ओलांडून पलटण मॉरिस बेटावर येते. शॉ ब्रिगेडचे सेनापती जॉर्ज स्ट्राँग यांच्या तंबूकडे जातो. स्ट्राँग त्याला सांगतात की आज रात्री किल्ल्यावर हल्ला आहे. तुझी माणसं थकलेली आहेत हे मला दिसतं आहे, पण तू हो म्हणालास तर सर्वांत पुढे तुझी पलटण राहील.

शॉने होकार दिला.

या होकारावर मी बराच विचार केला आहे. थकल्या-भागल्या, उपाशी माणसांना मृत्यूच्या तोंडी द्यायचा हक्क एका पंचवीस वर्षांच्या मुलाला कुणी दिला, असं कुणी विचारलं तर ते चूक म्हणता येणार नाही. पण त्याच शॉने बारा दिवस आधी स्ट्राँग यांना पत्र लिहून मागितलं होतं की माझ्या माणसांना गोऱ्या पलटणींच्या खांद्याला खांदा लावून लढू द्या. कृष्णवर्णीय शिपाई लढणार नाही, पहिल्या गोळीला पळेल, असं उत्तरेतही उघड बोललं जात होतं. त्या बोलण्याला उत्तर द्यायची संधी पुन्हा केव्हा येईल याचा भरवसा नव्हता. आणि ती संधी शॉची एकट्याची नव्हती. सहाशे जणांना ती हवी होती, याची साक्ष त्यांचं पुढचं वागणंच देतं.

साडेसहा

पलटण पुढे आणली जाते. किल्ल्यापासून पाऊण मैलावर, मोकळ्या वाळूवर, दोन फळ्यांत उभी केली जाते : उजवी बाजू पुढे, डावी मागे. संगिनी चढवल्या जातात आणि हुकूम होतो, आडवे पडा. मागे इतर पलटणी रांगेने येऊन थांबतात.

यानंतरचा तासभर नुसतं वाट पाहणं. किल्ल्यातून अधूनमधून गोळा येतो. समुद्रावरून धुकं सरकत येतं. शॉ आपली पत्रं आणि कागद ओळखीचे बातमीदार एडवर्ड पिअर्स यांच्या हाती सोपवतो. मग तो आडव्या पडलेल्या रांगांसमोरून चालतो, इथे थांबतो, तिथे चार शब्द बोलतो.

शिपायांना आणि अधिकाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. हे युद्ध त्यांच्यासाठी इतरांसारखं नाही. दक्षिणेच्या काँग्रेसने मे महिन्यातच ठराव केला आहे : कृष्णवर्णीय फौजेचं नेतृत्व करणारा गोरा अधिकारी सापडला तर त्याच्यावर गुलामांना बंडाला चिथावल्याचा खटला, म्हणजे मृत्युदंड. कृष्णवर्णीय शिपाई सापडला तर त्याला दक्षिणेतल्या राज्यांच्या हवाली करायचं, म्हणजे फाशी किंवा पुन्हा गुलामी. शरण जाण्याची सोय यांना नाही.

सेनापती स्ट्राँग घोड्यावरून येतात. निशाण धरलेल्या शिपायाकडे, जॉन वॉलकडे बोट दाखवून विचारतात : हा पडला तर निशाण कोण उचलेल? शॉ तोंडातला चिरूट काढतो आणि शांतपणे म्हणतो, मी. पलटण आरोळी ठोकते.

पावणेआठ

अंधारू लागलं आहे. पुढे चला, असा हुकूम. आधी साध्या चालीने, मग भरभर, शेवटी धावत. वाट अरुंद होत जाते तशा रांगा दाटतात. उजव्या टोकाची माणसं लाटांच्या पाण्यातून चालतात, डाव्या टोकाची दलदलीला भिडतात. किल्ला गप्प आहे. तोफांचा मारा थांबला तसे आतले शिपाई तळघरातून वर येऊन तटावर बसले आहेत आणि वाट पाहत आहेत.

किल्ला दोनशे यार्डांवर आला आणि तट पेटला. बंदुका, तोफा, डब्यांतून फुटणारे छर्रे. मधला खंदक ओलांडून, वाळूचा उतार चढून पलटण तटावर पोचली. शॉ तटावर उभा राहिला, तलवार उंचावली, आणि तिथेच पडला.

निशाणवाला जॉन वॉल पडला. 'सी' कंपनीच्या सार्जंट विल्यम कार्नीने आपली बंदूक टाकली आणि निशाण उचललं. कार्नी व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेला, पुढे न्यू बेडफर्डमध्ये राहिलेला. तो निशाण घेऊन तटापर्यंत गेला आणि वाळूत रोवून त्याच्याशी टेकून राहिला. भोवती माणसं पडत होती. पलटण मागे हटली तेव्हा त्याने निशाण काठीला गुंडाळलं आणि अंगात एकामागून एक गोळ्या घुसत असताना, कधी उभ्याने, कधी गुडघ्यांवर रांगत, ते परत आणलं. आपल्या माणसांत पोचल्यावर त्याने सांगितलं की निशाण एकदाही जमिनीला टेकलं नाही. मग तो कोसळला. या कामगिरीबद्दल अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक त्याला मिळालं, पण १९०० साली, म्हणजे सदतीस वर्षांनी.

मागून आलेल्या पलटणींनी किल्ल्याच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात पाय रोवले होते. पण मदत वेळेवर आली नाही, आणि रात्र वाढली तसा तो कोपराही सुटला.

रात्री ९ ते २

सेनापती स्ट्राँग प्राणघातक जखमी आहेत. पलटणीचा दुय्यम अधिकारी हॅलोवेल जखमी. कप्तान रसेल आणि सिम्पकिन्स गेले. सार्जंट मेजर लुईस डग्लस बचावला आहे. त्याच्या तलवारीचं म्यान मात्र तोफेने उडवलं आहे. जखमी न झालेल्या अधिकाऱ्यांत वरिष्ठ उरला तो लुईस एमिलिओ. वय अठरा. त्या मुलाने अंधारात हाका मारून विखुरलेले शिपाई गोळा केले, दुसऱ्या पलटणींचे भरकटलेले शिपाईही रांगेत घेतले, आणि किल्ल्यापासून सातेकशे यार्डांवर वाळूच्या बांधामागे फळी धरली. शत्रू बाहेर पडलाच तर आधी इथे अडेल. मधून मधून काहीजण रांगत पुढे जात आणि आपल्या जखमींना ओढून आणत.

पहाटे दोनला त्यांची सुटका करायला दुसरी पलटण आली. ती होती १०वी कनेक्टिकट. तीच, जिला या माणसांनी दोन दिवसांपूर्वी वाचवलं होतं. अठ्ठावीस तासांनी ५४वीला जमिनीला पाठ टेकता आली.

नंतर

हिशेब मोठा होता. त्या रात्री संघराज्याची १,५०० हून अधिक माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. किल्ल्यातल्यांची पावणेदोनशेच्या आत. ५४वीच्या सुमारे सहाशेतले २७०च्या आसपास कमी झाले. किल्ला मिळाला नाही. तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जवळपास दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर, आतल्यांनी आपणहून सोडला.

जखमींना ब्यूफर्टच्या रुग्णालयांत नेलं. तिथे नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांनी घरचं अन्न त्यांच्यासाठी आणलं. फिलाडेल्फियाहून शिकवायला आलेली शार्लट फोर्टन ही कृष्णवर्णीय शिक्षिका तिथे शुश्रूषेला राहिली. गोळ्यांनी फाटलेले शिपायांचे कोट तिने शिवून दिले.

शॉला शत्रूने त्याच्या शिपायांबरोबर एकाच चरात पुरलं. त्यांना वाटलं, हा अपमान झाला. पुढे शॉचा देह शोधून हलवण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्याच्या वडिलांनी लिहून कळवलं की तसं करू नका. आपल्या माणसांमध्ये तो आहे तीच त्याची योग्य जागा आहे.

आणि पलटण लढत राहिली, १८६५च्या एप्रिलपर्यंत. तिच्या वाटेने युद्ध संपेपर्यंत पावणेदोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शिपाई संघराज्याच्या फौजेत आले. एमिलिओने पुढे या पलटणीचा इतिहास लिहिला.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना अर्पण केला, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग केला. आपण ती अर्पणपत्रिका वाचताना बहुधा लिंकन आणि त्याच्या गोऱ्या साथीदारांना डोळ्यांसमोर आणतो. पुढच्या वेळी ती वाचाल तेव्हा गळक्या होडीत बसलेली ही सहाशे माणसंही त्यात मोजा. त्यांच्या लोकांना स्वातंत्र्य कुणी हातावर ठेवलं नाही. त्यांनी ते चिखल तुडवून, उपाशीपोटी, कमी मजुरी नाकारून कमावलं.

मजुरीचा निकाल सर्वांत शेवटी लागला. जून १८६४मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला. युद्ध सुरू होताना जो स्वतंत्र होता त्यालाच भरतीपासूनची सगळी थकबाकी मिळेल, अशी त्यात मेख होती. तेव्हा पलटणीचा कर्नल झालेल्या हॅलोवेलने शपथेचे शब्द असे बसवले की कधीकाळी गुलाम असलेल्या शिपायालाही ती खोटं न बोलता घेता यावी. पैसे त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर वाटले जाऊ लागले. महिना तेरा डॉलर, म्हणजे दिवसाला साधारण त्रेचाळीस सेंट. १८ जुलै १८६३ची ही त्रेचाळीस सेंटची मजुरी हाती पडायला चौदा महिने लागले.